मोकळा प्रश्न

भूगोलाच्या बाईंचे कान एकदम गेले नाहीत. ते हळूहळू, कुणाला पत्ता लागणार नाही अशा बेतानं गेले. आधी स, श, फ ही अक्षरं विरघळली. मग बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज पातळ होत गेले आणि पुरुषांचे जाड आवाज तेवढे उरले. शिक्षकाच्या नशिबी याहून वाईट क्रम येऊ शकला नसता, कारण वर्गात सगळे आवाज बारीकच असतात.

डॉक्टरांनी सांगितलं, "दोष मज्जातंतूचा आहे. यंत्र लावलंत तर आवाज मोठा येईल. शब्द कळतीलच असं नाही." बाईंनी यंत्र घेतलं आणि ते लावून एक दिवस वर्गात गेल्या. पंख्यांची घरघर, बाकांचे पाय, कंपासपेट्या, शेजारच्या वर्गातलं पाठांतर, असं सगळं जग डोक्यात ओतलं गेलं, आणि त्यात शब्द मात्र एकही नव्हता. यंत्र कपाटात गेलं. शाळेत त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

लपवायचं म्हटलं की युक्त्या आपोआप सुचतात. समोरच्या एकट्या माणसाचे ओठ बघून त्या बरंचसं ओळखू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत त्या भिंतीला पाठ लावून बसू लागल्या, म्हणजे मागून कुणी हाक मारायला नको. सगळे हसले की त्याही हसत. मीटिंगमध्ये मान खाली घालून लिहीत राहत. लिहिणाऱ्या माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही. "बाई हल्ली स्वतःच्याच तंद्रीत असतात," असं लोक म्हणायचे. तेही त्यांना ऐकू यायचं नाही, तेवढंच बरं.

वर्गात मात्र युक्ती चालेना. एके काळी या बाई प्रश्नांसाठी ओळखल्या जायच्या. वर्गात पाऊल टाकलं की हजेरीच्या आधी प्रश्न. समुद्र खारट, मग ढगातलं पाणी गोड कसं? वाळवंटात रात्री थंडी का वाजते? मुलं भांडायची, एकमेकांना खोडून काढायची, आणि बाई टेबलाला टेकून मजा बघायच्या. कान गेल्यावर एकदा एका मुलीनं काहीतरी उत्तर दिलं. बाईंनी सवयीनं "छान, अगदी बरोबर" म्हटलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. ती काय बोलली होती, ते बाईंना कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. घंटेपासून घंटेपर्यंत स्वतःच बोलायचं, फळा भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. मुलं जांभया देत. मागच्या बाकांवर डोकी टेकत. बाईंना ते दिसायचं, डोळे तर शाबूत होते. पण त्यावर त्या काय करणार होत्या?

अशात शाळेत टॅब आले. प्रत्येक वर्गाला एक मोठा स्क्रीन आणि मुलांना एकेक टॅब. वापरायचे कसे, हे शिकवायला संगणकाचे सर शिक्षकांना शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ लागले. सर वयानं कोवळे आणि उत्साहानं उतू जाणारे. जुने शिक्षक कंटाळून जांभया आवरत बसले. भूगोलाच्या बाई भिंतीला पाठ लावून बसल्या आणि लिहू लागल्या.

सर काहीतरी बोलले आणि स्क्रीनवर एक प्रश्न उमटला: "तुम्हाला वर्गात सगळ्यात जास्त कशाचा कंटाळा येतो?" सगळ्यांनी आपापल्या टॅबवर काहीबाही टाइप केलं. आणि मग स्क्रीनवर एकेक उत्तर टपकू लागलं. तपासायच्या वह्या. खडूची धूळ. मोठ्या बाई. पुन्हा मोठ्या बाई. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या स्वतः खोलीत नव्हत्या, आणि उत्तराखाली नाव दिसत नव्हतं, म्हणून मंडळी सुटलीच होती. लोक हसले. आणि भूगोलाच्या बाई त्यांच्याबरोबरच हसल्या, मागाहून नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका खोलीतले सगळे लोक काय म्हणताहेत ते त्यांना त्याच क्षणी कळत होतं.

बैठक संपल्यावर त्या सरांजवळ गेल्या. "मला हे सगळं नीट शिकवा," म्हणाल्या. सर चकित झाले. या वयाचं माणूस आपणहून येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचा आवाज जाड होता आणि बोलताना ते समोर बघत, त्यामुळे बाईंचं त्यांच्याशी जमलं. नकाशावर बोटानं खूण करून घ्यायची कशी, वेळ लावून चढाओढीची क्विझ घ्यायची कशी, नावं झाकायची कशी. आणि सगळ्यात शेवटी 'मोकळा प्रश्न': पर्याय नाहीत, ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहायचं. सारखी उत्तरं आली की ती आपोआप एकत्र होतात, आणि जितक्या जास्त जणांनी लिहिली तितक्या मोठ्या अक्षरांत स्क्रीनच्या मधोमध सरकतात. बाकीची भोवती बारीक अक्षरांत तरंगतात, ढगासारखी.

बाईंनी पहिल्याच तासाला मोकळा प्रश्न टाकला. "तुमचं घर नदी जिथे समुद्राला मिळते तिथे असतं, तर तुम्हाला कशाची भीती वाटली असती?"

पूर, असं मोठ्ठं आलं. भोवती खारं पाणी, मगरी, गाळ, डास. मग अगदी कडेला एक बारीक ओळ उगवली: "रोज कुणीतरी होडीनं निघून जाताना दिसेल याची." बाईंनी ती मोठ्यानं वाचली. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं नाही, पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. इकडून तिकडे टुणटुण करणाऱ्या त्या मुलीला वर्गात खारूताई म्हणत. तास संपल्यावर बाईंनी सवयीनं डस्टर उचललं, तर फळा कोराच होता.

पुढचे महिने असे गेले की बाईंना स्वतःचाच विश्वास बसेना. वाऱ्याला दिशा कोण देतं, यावर मुलं टॅबवरून भांडली. धरण बांधावं की नाही, यावर अर्धा वर्ग अर्ध्या वर्गाशी दोन दिवस बोलेना. कुणीतरी "ज्वालामुखी म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशीची माझी आई" असं लिहिलं आणि बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डुलकी काढणारे जागे झाले. मोठ्या बाई दारातून डोकावून गेल्या, मग आत येऊन बसल्या, मग इतर शिक्षकांना घेऊन आल्या. "बघा, शिका जरा यांच्याकडून," असं त्या म्हणाल्या असाव्यात; कारण बाकीच्यांची तोंडं पडली होती.

एकच दिवस वाईट गेला. बाई फळ्यावर वाऱ्यांचे पट्टे काढत होत्या. काढून वळल्या तर मागचा कोपरा उठून उभा होता. एका मुलीला धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते, दोघीजणी तिच्या दप्तरातून औषधाचा पंप शोधत होत्या आणि खारूताई तोंड उघडून बाईंना हाका मारत होती. किती वेळापासून, देव जाणे. पंप सापडला, मुलगी सावरली. मोठ्या बाईंपर्यंत गोष्ट गेली नाही. बाईंनीही त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं.

संस्थेचे लोक वर्ग बघायला येणार असं ठरलं. संस्थेच्या बऱ्याच शाळा होत्या. बाईंचा तास बघून, पसंत पडला तर बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांना बाईंनीच शिकवायचं, असा बेत होता. आदल्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला हे सांगितलं. तो भाजी चिरत होता. त्यानं मान वर करून "चांगलं आहे" म्हटलं आणि मान खाली घातली. घरात बोलणं असंच कामापुरतं उरलं होतं. प्रत्येक वाक्य दोनदा, तीनदा, ओरडून बोलायचं तर माणूस वाक्यं कमी करतो. त्याला दोष कसा द्यायचा?

तास फार छान चालला. पाहुणे भिंतीकडेला खुर्च्यांवर बसले होते. मुलांनी नकाशावर वादळाचा रस्ता ओळखला, चढाओढीत आरडाओरडा केला असावा, कारण एका पाहुण्यानं हसत कानांवर हात ठेवले. शेवटी त्यांच्यातले पिकल्या केसांचे गृहस्थ उठले आणि वर्गाकडे तोंड करून काहीतरी म्हणाले. बाईंना त्यांची पाठ दिसत होती. संगणकाचे सर पुढे आले, त्यांनी मान डोलावली आणि बाईंच्या संगणकावर भराभर टाइप केलं. मुलांनी माना टॅबमध्ये घातल्या. पाहुण्यांनी मुलांना काहीतरी विचारलंय एवढं बाईंना कळलं. त्या स्क्रीनला पाठ करून उभ्या राहिल्या आणि मुलांकडे बघून हसल्या. निवांत लिहा, असं त्यांना म्हणायचं होतं.

मग मुलांची डोकी एकेक करून वर आली. बाईंनी ते चेहरे बदलताना बघितले. आधी कुतूहल, मग काहीतरी चुकलंय असं, मग भीती. मुलं बाईंकडे बघत नव्हती, त्यांच्या डोक्यावरून मागे बघत होती. खारूताईनं तोंडावर हात ठेवला. संगणकाचे सर घाईघाईनं संगणकाकडे धावले. बाई वळल्या.

वर प्रश्न होता: "या तासाला तुम्हाला तोंडानं बोलण्यापेक्षा टॅबवर लिहायला का आवडतं?" कडेला बारीक अक्षरांत मजा येते, लाज वाटत नाही, नाव दिसत नाही, असं तरंगत होतं. आणि मधोमध, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच ओळ होती.

बाईंना ऐकू येत नाही.

त्याच्या खाली, जरा लहान: बाईना ऐकायला येत नाही. म्हणजे कुणाचा अनुस्वार राहिला होता, कुणी शब्द बदलला होता. नाहीतर वरची ओळ आणखी मोठी झाली असती.

कुणीच वाईट मनानं लिहिलं नव्हतं. हे बाईंना तेव्हाच, त्या चेहऱ्यांवरून कळलं. प्रत्येकानं खरं ते लिहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपण एकट्यानंच लिहितोय. सगळ्यांना ठाऊक होतं. कधीपासून कोण जाणे. मग त्यांना एकेक आठवू लागलं: मुलं त्यांच्याशी बोलताना नेहमी समोर येऊन उभी राहायची; त्या फळ्याकडे वळल्या की कुणी काही विचारत नसे; मागचं कुणी बोललं की पुढचं कुणीतरी तेच पुन्हा, तोंड मोठं करून सांगायचं. बाईंना वाटत होतं, आपण लपवतोय. लपवायचं काम सगळा वर्ग मिळून करत होता.

स्क्रीन काळा झाला. सरांनी वायर ओढली होती.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या चांगल्या स्वभावाच्या होत्या, तोच त्रास होता. त्या एकेक शब्द सुटा करून, ओठ ताणून बोलू लागल्या, जशी माणसं अगदी लहान बाळांशी बोलतात. "आधी सांगायचं होतंत. आम्ही काही परके आहोत का?"

"सांगितलं असतं तर वर्ग राहिला असता?" बाईंनी विचारलं.

मोठ्या बाईंनी नवीन काम समजावलं. संगणकाच्या खोलीला लागून एक लहान खोली होती. तिथे बसून बाईंनी सगळ्या शाळांसाठी भूगोलाचे प्रश्न तयार करायचे. "तुमच्यासारखे प्रश्न कुणाला सुचतात?"

"माझा वर्ग असू द्या. बाकी काही नको," बाई म्हणाल्या. "या वर्षी माझ्या तासाला एकही मूल मागे पडलेलं नाही. हवं तर तपासून बघा."

"ते मला माहीत आहे." मोठ्या बाई म्हणाल्या. मग ओठ ताणायचं विसरून, साध्या माणसासारखं बोलल्या, आणि नेमकं तेच बाईंना नीट कळलं. "पण तुमच्या पाठीमागे एखादं मूल पडलं तर?"

बाईंना तो निळसर ओठांचा चेहरा आठवला. जर मोठ्या बाई चुकीचं बोलत असत्या तर भांडता तरी आलं असतं.

घरी नवरा म्हणाला, "बरं झालं. सुटलीस." त्यानं ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी 'चुकलीस' ऐकलं.

त्या रात्री जेवताना बाईंना एक कल्पना सुचली. शाळेत जे जमलं ते घरात का जमू नये? त्यांनी नवऱ्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला, स्वतःचा हातात घेतला. "अहो, तुम्ही इथे लिहा. ओरडायला नको, पुन्हापुन्हा सांगायला नको. मनात येईल ते लिहा."

त्यानं हात पुसले, चष्मा लावला. बराच वेळ अंगठा अक्षरांवर फिरवत बसला. मग बाईंच्या फोनवर उमटलं: "भाजीत मीठ कमी आहे."

बाईंनी लिहिलं: "आणखी?"

तो पुन्हा विचार करू लागला. कपाळावर आठ्या पडल्या. त्याला खरंच मदत करायची होती, हे दिसत होतं. त्यानं काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी आलं: "उद्या गॅसवाला येणार आहे."

त्यानं अपराधी चेहऱ्यानं वर बघितलं. बाईंनी फोन पालथा घालून ठेवला आणि त्याला वरण वाढलं. इतकी वर्षं त्यांनी सगळ्याचा दोष कानांना दिला होता. आता तेही निमित्त हातचं गेलं.

लहान खोलीत एक टेबल, एक संगणक आणि जुने नकाशे गुंडाळून उभे केलेले. बाईंनी मन लावून प्रश्न लिहायला घेतले. पहिल्याच आठवड्यात संगणकाचे सर आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि खाली बघत राहिले.

"वर बघून बोला, सर. मला कळत नाही."

"मोकळे प्रश्न पाठवू नका, मॅडम," ते म्हणाले. "संस्थेनं बंद केलेत. त्या दिवशी जे झालं ना, त्यानंतर. मुलं काहीही लिहू शकतात, त्यात नावंही नसतात, उद्या कुणाची तक्रार आली तर, असं त्यांचं म्हणणं. आता फक्त चार पर्यायांचे. मी खूप बोलून बघितलं."

"सगळ्या शाळांत बंद?"

"सगळ्या."

बाईंनी मान हलवली. सर उठून गेले. त्यानंतर ते समोर आले की हसायचे, पण थांबायचे नाहीत.

खारूताई एकदा मधल्या सुट्टीत आली. दारात उभी राहून बोलू लागली आणि बोलता बोलता रडू लागली. रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

तिनं लिहिलं: "मी लिहायला नको होतं. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की कुणाला सांगायचं नाही. पण प्रश्न विचारला आणि मला वाटलं, हे तर चांगलं कारण आहे."

"खरं तेच लिहिलंस," बाई म्हणाल्या. "खोटं लिहायला मी कधी शिकवलं का?"

"तुम्ही परत येणार?"

"नाही."

मुलीनं नाक पुसलं आणि पुन्हा लिहिलं: "नवे सर पर्याय वाचून दाखवतात. आम्ही बटण दाबतो. मग ते पुढचा वाचतात. मागचे सगळे झोपतात."

बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याची इतकी लाज वाटली की त्यांनी खिडकीकडे बघितलं. या मुलीच्या वाट्याला आता असेच तास येणार होते, वर्षानुवर्षं, आणि त्यात बाईंना बरं वाटण्यासारखं काही नव्हतं.

"तू तरी झोपू नकोस," त्या म्हणाल्या.

मुलीनं काहीतरी उत्तर दिलं, तोंडानं, उठता उठता, मान वळवून. ती पुन्हा सांगेल म्हणून बाई थांबल्या. पण घंटा झाली असावी, कारण बाहेर सगळी मुलं एकदम पळू लागली होती, आणि तीही पळाली. ती पुन्हा आली नाही. मुलांना नवं वर्ष येतं, नवे शिक्षक येतात. त्यात तिचा काही गुन्हा नव्हता.

बाई संगणकाकडे वळल्या. मान्सून परत का फिरतो, असा प्रश्न त्यांनी सकाळी लिहून ठेवला होता, आणि त्याखाली बरोबर उत्तर. आता तीन चुकीची उत्तरं लिहायची होती. तीही अशी, की वाचणाऱ्याला खरी वाटली पाहिजेत.